नीट-यूजी २०२४ : राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या परीक्षासेवेचे परीक्षण

खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याकडून १,७०० रुपये शुल्क घेऊन राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, जी सेवा देते, तिची पारख संस्थेच्या हातून चूक झाल्यावर भुर्दंड कोणाला बसतो यावरूनच केली पाहिजे. ५ मे २०२४ रोजी झालेल्या नीट-यूजी या वैद्यकीय पदवी प्रवेश परीक्षेत तो बहुतेक वेळा विद्यार्थ्यांना बसला.

काही केंद्रांवर वेळ वाया गेल्यामुळे १,५६३ विद्यार्थ्यांना ग्रेस, म्हणजे वाढीव, गुण देण्यात आले आणि त्यासाठी २०१८ च्या क्लॅट या कायदा प्रवेश परीक्षेच्या वादातील सूत्र वापरण्यात आले. ती परीक्षा संगणकावर झाली होती, तर नीट गोल रंगवून उत्तरे नोंदवायच्या ओएमआर कागदावर झाली. तरीही ४ जूनच्या निकालासोबत याचे स्पष्टीकरण नव्हते. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला वजा १ असताना ७२० पैकी ७१८ किंवा ७१९ गुण मिळूच शकत नाहीत, हे विद्यार्थ्यांनी दाखवून दिल्यावरच संस्था बोलली. पुढे १३ जूनला ग्रेस गुण रद्द झाले आणि २३ जूनला फेरपरीक्षा द्या, नाहीतर मूळ गुण स्वीकारा, असे दोनच पर्याय उरले. फेरपरीक्षेला ८१३ जण बसले. बाकीच्यांच्या वाया गेलेल्या वेळेची भरपाई कशानेच झाली नाही, आणि यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता.

भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाने सर्वाधिक नुकसान केले. अणूविषयीच्या त्या प्रश्नात एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या जुन्या पाठ्यपुस्तकातील विधानामुळे संस्थेने दोन उत्तरे ग्राह्य धरली. पहिल्या निकालात पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या ६७ जणांपैकी ४४ जण त्यामुळेच तेथे पोहोचले होते. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवले, एकच उत्तर बरोबर ठरले आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण कमी झाले. शास्त्रीयदृष्ट्या हा निर्णय योग्यच होता. परंतु थोरल्या भावंडाची पुस्तके वापरून अभ्यास करणे अनेक घरांत रूढ असताना, ही तज्ज्ञ तपासणी निकालापूर्वीच, म्हणजे प्रत्येक आक्षेपासाठी २०० रुपये घेतले जात होते त्याच टप्प्यावर, व्हायला हवी होती.

हजारीबाग आणि पाटणा येथील पेपरफुटी मान्य करूनही न्यायालयाने २३ जुलैला संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. २३ लाखांहून अधिक मुलांना पुन्हा परीक्षेला बसवणे हा दुसरा अन्याय ठरला असता, म्हणून मला तो निर्णय पटतो. मात्र सुधारित निकाल २६ जुलैला आला आणि अखिल भारतीय जागांच्या समुपदेशनाची, म्हणजे प्रवेश फेऱ्यांची, नोंदणी १४ ऑगस्टला सुरू झाली. तोवर लातूर-नांदेडच्या शिकवण्यांमध्ये रिपीटरच्या, म्हणजे पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या, तुकडीत पैसे भरावेत की प्रवेशाची वाट पाहावी, हे आपला अंतिम रँक माहीत नसतानाच ठरवण्याची वेळ पालकांवर आली.

मराठीसह तेरा भाषांतील प्रश्नपत्रिका आणि ओएमआरची स्कॅन प्रत पाहण्याची सोय या जमेच्या बाजू आहेत. तरीही मी या सेवेला पाचपैकी एकच तारा देतो. वैद्यकीय प्रवेशासाठी दुसरी परीक्षा निवडण्याची मुभा नसल्यामुळे विद्यार्थ्यांनी एनसीईआरटीची चालू आवृत्तीच वापरावी, केंद्रावर वेळ वाया गेल्यास त्याच दिवशी लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी आणि ओएमआरची प्रत व उत्तरसूची प्रवेश निश्चित होईपर्यंत जपून ठेवावी.