म्हापशाच्या बाजारातलं मिस्कूट : चवीला पाच पैकी चार, लेबलाला पाच पैकी पाच

गोव्यात म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात एका मावशीकडनं मिस्कूट (मसाला भरलेल्या कैरीचं लोणचं) घेतलं, घरचं केलेलं, काचेच्या बरणीत, वर लेबल 'स्टफ्ड मँगो पिकल'. आधी चवीचं. तोरां (कोवळ्या कैऱ्या) एकदम लहान घेतलीत, चार फाका पाडून देठाकडे जोडलेल्या ठेवल्यात नि आत मसाला ठासून भरलाय, मोहरी-मेथी भरड, हिंग सढळ हाताने. मुख्य म्हणजे फोड अजून करकरीत आहे, नाहीतर बाजारच्या मिस्कूटाचा महिन्याभरात लगदा होतो. मीठ मात्र जरा जास्तच, पेजेबरोबर खाल्लं तर खपून जातं, भाकरीबरोबर नाही. आणि तेल वरपर्यंत नाहीय!! घरी नेल्यावर तेल कडकडीत तापवून, पूर्ण गार करून ओता, पावसात उगीच बुरशीची रिस्क नको.

आता लेबल. मला त्याचं जाम हसू आलं, कारण जुन्या इंग्लंडात 'मँगो' एवढंच लिहून भागलं असतं. सतराव्या शतकात पिकलेला आंबा जहाजातनं तिथवर टिकणार कसा, मग जायचा तो मुरवलेलाच, त्यामुळे तिकडच्या लोकांच्या डोक्यात मँगो म्हणजे झाडावरचं फळ नाहीच, आंबट मुरलेलं काहीतरी. मग त्याच पद्धतीने जे जे मुरवलं ते सगळं मँगो. जॉन एव्हलिन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १६९९ मध्ये चक्क काकडीच्या 'मँगो'ची कृती दिलीय, मोठी काकडी चिरायची, बिया काढायच्या, आत लसूण घालायची नि व्हिनेगरात बुडवायची. म्हणजे मिस्कूटच की, फक्त आंबा गायब! पुढे 'मँगो करणे' असं क्रियापदही झालं. अमेरिकेत ओहायो, इंडियाना बाजूला तर कोबी भरून मुरवलेल्या ढोबळ्या मिरचीला मँगो म्हणायला लागले आणि नंतर भरणं-मुरवणं राहिलं बाजूला, नुसत्या मिरचीचंच नाव मँगो पडलं. मानकुराद आंब्यावरनं भांडणाऱ्या गोंयकाराला हे सांगून बघा, काय ऐकून घ्यावं लागतं ते.

पण खरी मजा पुढेच आहे. इंग्रजांना हा शब्द मिळाला पोर्तुगीज 'मांगा'वरनं, तो आला दक्षिणेतनं, आणि तमिळमध्ये 'मांगाय' म्हणजे कैरी, पिकलेल्याला वेगळा शब्द आहे, मांपळम. म्हणजे ज्या इंग्रजाने जन्मात पिका आंबा बघितला नव्हता नि लोणच्यालाच मँगो म्हणत बसला होता, तोच मूळ अर्थाच्या जास्त जवळ होता. आज आपण हापूस-मानकुरादला मँगो म्हणतो तेच तमिळच्या हिशोबाने गडबडीचं :)

असो. छोटी बरणी दोनशेला, मोठी घेऊ नका, मीठ जास्त असल्यामुळे संपता संपत नाही. मावशी भाव कमी करत नाही, पण बाजूलाच चेपणीची, म्हणजे मिठात दाबून मुरवलेली, तोरां ठेवते ती दोन चाखायला देते, ती मिस्कूटापेक्षा सरस आहेत. अकराच्या आत जा, नंतर उरत नाहीत.