दुबईची होडी नागपुरात आणायची तर: कंटेनर, डेकवरून, की शिडं उभारून?

गेल्या महिन्यात दुबईहून मित्राचा फोन आला. नोकरी आटोपून तो गोकुळपेठेतल्या घरी परततोय आणि येताना शिडाची होडी घेऊन यायचं त्याच्या मनात आहे. आम्ही दोघं एनसीसीत असताना अंबाझरीच्या पाण्यावर वल्हं मारायला शिकलो, त्यामुळे नागपुरात होडी कशाला, हे मी त्याला विचारलं नाही. मी एवढंच विचारलं, "रुंदी किती?"

दोन नव्या होड्या त्याला आवडल्या आहेत. एक २३ फुटी, कागदावर २.२० मीटर रुंद, तळाचा कील (पाण्यात खाली जाणारं वजनदार पातं) वर ओढून घेता येणारी. दुसरी ३३ फुटी यॉट, साडेतीन मीटरच्या आसपास रुंद, आत झोपायला जागा, स्वयंपाकाचा ओटा, सगळं. मन अर्थातच दुसरीवर. दोघींचा हिशेब शेजारी शेजारी मांडल्यावर मला जे दिसलं ते इथे देतोय.

कराचा दर दोघींना एकच आहे, म्हणून तो आधी उरकतो. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पापासून यॉटवर मूळ सीमाशुल्क २० टक्के आणि कृषी पायाभूत उपकर ७.५ टक्के, मिळून २७.५ टक्के. त्यावर जीएसटी. पूर्वी तो २८ टक्के आणि ३ टक्के भरपाई उपकर असा होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के झाला. हा ४० टक्के सीमाशुल्क मिळवलेल्या रकमेवर लागतो. म्हणजे १०० रुपयांची होडी आधी १२७.५० ची होते, मग त्यावर ५१ रुपये जीएसटी, एकूण १७८.५०.

आणि ते १०० रुपये म्हणजे नुसती होडीची किंमत नव्हे. बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा त्यात धरलेला असतो. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. जहाजाच्या भाड्यात वाढलेला प्रत्येक लाख तुमच्या खिशातून १ लाख ७८ हजार ५०० होऊन जातो. भाड्याचा आकडा कागदावर दाखवता आला नाही, तर कस्टम होडीच्या किमतीच्या २० टक्के भाडं धरतं आणि विम्याची पावती नसेल तर १.१२५ टक्के विमा. पावत्या जपून ठेवा.

हिशेबासाठी लहान होडी ३० लाखांची आणि भाडं-विमा २ लाख धरू. कर २५ लाख १२ हजार, एकूण ५७ लाख १२ हजार. मोठी दीड कोटीची आणि भाडं-विमा १५ लाख धरला, तर नुसता कर १ कोटी २९ लाख ५२ हजार. मित्र फोनवर बराच वेळ गप्प होता.

दुबईत खरेदी केली म्हणून करारातली सवलत मिळेल, ही आशा त्याला होती. भारत आणि अमिरातींचा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे खरा, पण त्यातली सवलत तिथे तयार झालेल्या मालासाठी असते. फ्रान्समध्ये बांधलेली होडी दुबईच्या दुकानातून घेतली तरी ती फ्रान्सचीच. तिथला ५ टक्के व्हॅट मात्र निर्यातीवर शून्य होतो, तेव्हा बिल निर्यातीचंच मागा.

लहान होडी: कंटेनरमधून थेट अजनीपर्यंत

चाळीस फुटी हाय-क्यूब कंटेनरचं दार आतून साधारण २.३४ मीटर रुंद आणि २.५८ मीटर उंच असतं. आतली लांबी १२ मीटर. एवढ्यात कील वर ओढलेली २३ फुटी होडी आणि आडवी केलेली तिची डोलकाठी आरामात बसते. विक्रेत्याच्या कागदावरची रुंदी मात्र नुसत्या होडीची असते. ती ज्या लाकडी पाळण्यावर बसवतात, त्याची रुंदी कोणी आपणहून सांगत नाही. त्या लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा आयएसपीएम-१५ शिक्का हवा, नाहीतर माल बंदरात अडकतो. इंधनाची टाकी रिकामी, बॅटरी सुटी केलेली.

आता नागपूरकरांच्या फायद्याची गोष्ट. कंटेनर न्हावा शेवाला उतरवून तिथेच सोडवण्याची गरज नाही. तो रेल्वेने अजनीच्या कंटेनर डेपोत आणून कस्टमचं काम इथे करता येतं आणि बंदर ते अजनी या टप्प्याचा खर्च करपात्र किमतीत धरत नाहीत. शिवाय सीएचए, म्हणजे कस्टमचं काम करून देणारा एजंट, आपल्याच गावातला. काही अडलं तर स्कूटर काढून जाता येतं, मुंबईला चकरा माराव्या लागत नाहीत. कंटेनर ठेवून घ्यायचे फुकटचे दिवस संपले की त्याचं भाडं रोज चढत जातं, तेव्हा ही जवळीक पैशातच मोजावी.

डेपोतून पुढे हायड्रा क्रेन आणि ट्रेलर. २.६० मीटरपर्यंतच्या रुंदीला रस्त्यावर वेगळी परवानगी लागत नाही. पाणी कुठलं, हे मात्र होडीआधी ठरवा. अंबाझरी महापालिकेचा, रामटेकजवळचा खिंडसी जलसंपदा विभागाचा. दोन्हीकडे खासगी होडी उतरवायला लेखी परवानगी लागेल. तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पात आहे, ते मनातून काढून टाका. होडीला इंजिन असेल तर अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ खाली नोंदणी आणि तपासणीही करावी लागेल.

मोठी यॉट: डेकवरून किंवा समुद्रातून

साडेतीन मीटरची होडी बंद कंटेनरमध्ये जात नाही. ती जहाजाच्या डेकवर पाळण्यात बांधून येते किंवा चाकांच्या ट्रेलरवर, गाड्या थेट आत चालवत नेतात त्या रो-रो जहाजातून. मुंबईत उतरल्यावर नागपूरपर्यंत आणायची तर लो-बेड ट्रेलर आणि जादा मापाच्या मालाची परवानगी. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला आहे, ७०१ किलोमीटर, तेव्हा रस्ता चांगला मिळेल. पण इतकं करून ती उतरवायची कुठे? आपल्या तलावांना एवढ्या कीलची सवय नाही. ही होडी किनाऱ्यावरच राहणार आणि तुम्ही वीकेंडला विमानाने तिच्याकडे जाणार, हे आधीच मान्य करून निर्णय घ्या. मुंबईत गेटवेसमोरच्या मुरिंगवरच्या (पाण्यातच बांधून ठेवलेल्या) होड्या पावसाळ्यात बाहेर काढाव्या लागतात. कोचीत बोलगट्टीला मरिना आहे, पण नागपूरकराला ती आणखी लांब.

तिसरा मार्ग म्हणजे शिडं उभारून स्वतः आणायची. दुबई ते मुंबई सुमारे ११०० सागरी मैल. पाच नॉटने, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांनी, नऊ-दहा दिवस. नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा, जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात जाऊच नये. होर्मुझ ओलांडताना विमा लागू राहतो का, हे लेखी विचारा. मित्राला याचाच सर्वात मोह आहे आणि मला तो कळतो. पण यात कर वाचत नाही. मुंबईत पोचल्यावर तेच बिल ऑफ एंट्री (कस्टमला द्यायचा आयातीचा कागद), तेच २७.५ आणि ४० टक्के. अनुभवी कर्णधार सोबत नसेल, तर पहिलाच प्रवास म्हणून हा निवडू नका. हे मी त्याला मित्र म्हणून कळकळीने सांगितलं.

जुनी होडी स्वस्त मिळतेय असं वाटलं तर थांबा. यंत्रसामग्रीसारखा भांडवली माल सोडून जुन्या वस्तूंची आयात निर्बंधित आहे, परवाना आधी लागतो.

आणि एक पर्याय परदेशाचा नाहीच. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती म्हादेई ही शिडाची होडी गोव्यात बांधलेली होती. इथे बांधलेल्या होडीला सीमाशुल्क नाही, फक्त ४० टक्के जीएसटी. ३० लाखांची होडी ४२ लाखांत. नुसती वल्ह्याची होडी किंवा कनू चालणार असेल तर जीएसटी १८ टक्के. तुम्ही नौकानयन शिकवण्याचा किंवा प्रवासी नेण्याचा नोंदणीकृत व्यवसाय करत असाल, तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या जीएसटीतून वजावट, मिळू शकतं. खासगी मालकाला ते नाही.

माझं मत विचाराल तर नागपुरात राहून खरोखर होडी चालवायची असेल, तर २३ फुटी घ्या, आणि आधी गोव्याच्या बांधणाऱ्यांकडून भाव मागवा. तरीही दुबईचीच हवी असेल तर तारखेकडे लक्ष ठेवा. दर बिल ऑफ एंट्री दाखल होते त्या दिवशीचा किंवा जहाजाला बंदरात प्रवेश मिळतो त्या दिवशीचा, जो नंतरचा असेल तो लागतो, आणि १ फेब्रुवारीचा अर्थसंकल्प दरवर्षी येतो.

काल मित्राने विक्रेत्याकडून पाळण्यासकट मोजमाप मागवलं. २.२९ मीटर. दाराशी दोन्ही बाजू मिळून पाच सेंटिमीटर उरतात. पाळणा थोडा अरुंद करून मिळेल का, असं त्याने परत विचारलंय.