हिरवी चिठ्ठी आणि चोरीचा बिल्ला : लष्करी मल्टीफ्युएल इंजिन घेताना होणारी फसवणूक

अमेरिकन लष्कराच्या जुन्या अडीच टनी एम-३५ ट्रकसाठी एक मल्टीफ्युएल, म्हणजे अनेक इंधनांवर चालणारं, इंजिन विकलं गेलं. सांगितलं होतं : एलडीएस-४६५, डेपोत (लष्कराच्या दुरुस्ती कारखान्यात) नव्याने बांधलेलं, शून्य तास, लोखंडी डब्यात सीलबंद. निघालं ते दमलेलं एलडी-४६५-१, त्यावर कुठूनतरी काढलेला टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा). पैसे पूर्ण गेले आणि विकणाऱ्याचा फोन लागेनासा झाला. ते इंजिन खोलल्यावर जे दिसलं त्यावरून हे लिहिलंय. जुन्या लष्करी गाड्यांचा नाद असलेल्यांनी पैसे मोजण्याआधी वाचावं.

आधी नावांचा घोळ. एलडी-४६५ म्हणजे टर्बो नसलेलं इंजिन. एलडीटी-४६५ म्हणजे त्याच अंगाचं, टर्बो लावलेलं. एलडीएस-४६५ लाही टर्बो असतो, पण ते पाच टनी ट्रकसाठी केलेलं. नावात ४६५ असलं तरी तिन्हींचं आकारमान ४७८ घनइंच, म्हणजे सुमारे ७.८ लिटर. याआधीचं एलडीएस-४२७ हे वेगळं, लहान इंजिन. त्याचे सुटे भाग शोधताना नाकी नऊ येतात, तेव्हा ते स्वस्तात मिळालं तरी हुरळू नका.

फसवणुकीचं मूळ ताकदीच्या फरकात आहे. एलडीटीची ताकद १४० अश्वशक्तीच्या आत-बाहेर, एलडीएसची १७५ च्या पुढे. एलडीटीवरचा टर्बो मुळात धूर कमी करायला दिलेला, जोर वाढवायला नाही. म्हणजे साध्या एलडीवर टर्बो चढवला की इंजिन शिट्टी मारतं, धूर निवळतो, घेणारा खूश होतो. ताकद मात्र तिथेच राहते, कारण ताकद येते डिझेलच्या मापातून आणि ते माप ठरवतो इंजेक्शन पंप. मग विकणारा पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवतो. चार दिवस गाडी पळते. नंतर एक्झॉस्ट तापून लाल होतो आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट उडतं. या इंजिनाला तीन-तीन सिलिंडरची दोन हेड असतात. दोन्हींच्या मधल्या फटीपाशी बोट फिरवा : कूलंटचा ओलसर चिकटपणा किंवा वाळलेला पांढुरका डाग लागला तर तिथूनच परत फिरा.

आता चिठ्ठी. डब्याला हिरवा टॅग बांधला होता. हिरवा म्हणजे पास, असं कुणालाही वाटेल. लष्करी भांडारात नेमकं उलटं आहे. वापरायला योग्य मालाला पिवळा टॅग (डीडी फॉर्म १५७४), दुरुस्त होण्याजोग्या पण निकामी मालाला हिरवा (डीडी फॉर्म १५७७-२), भंगाराला लाल (डीडी फॉर्म १५७७). टॅगवरचा कंडिशन कोडही वाचा : ए म्हणजे विनाअट देण्याजोगा, एफ म्हणजे निकामी पण दुरुस्तीयोग्य, एच म्हणजे मोडीत काढलेला. बांधलेलं नवं इंजिन ज्या डब्यातून युनिटकडे जातं, त्याच डब्यात जुनं, काढलेलं इंजिन भरून डेपोला परत पाठवतात. डबा अस्सल लष्करी होता, यात खोटं काहीच नव्हतं. आतला माल परतीच्या प्रवासातला होता इतकंच.

डबा उघडून दाखवायला खळखळ झाली तर व्यवहार तिथेच सोडावा. उघडल्यावर एक्झॉस्टच्या तोंडात बोट घाला. डेपोत तपासणीपुरतं चालवलेल्या इंजिनात पातळ काजळी असते. जाड, तेलकट, खरवडून निघणारा थर म्हणजे इंजिन राबलेलं. उघडी राहिलेली भोकं आणि आत साचलेलं पाणी हीसुद्धा काढून टाकलेल्या मालाचीच लक्षणं. मग लांब दांड्याचा पान्हा लावून क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा. कॉम्प्रेशन रेशो २२:१ च्या घरात आहे, त्यामुळे जड जाणारच. पण तो जडपणा लयीत येतो आणि दाब ओलांडला की सुटतो. एकाच जागी खरखरून अडकलं तर सिलिंडरला गंज धरलाय.

बिल्ला, म्हणजे इंजिनाचं नाव-क्रमांक असलेला पत्रा, हा तर फारच सोपा खेळ. एलडीएसचा पत्रा दुसऱ्या मोडक्या इंजिनावरून काढून इथे ठोकला होता. कारखान्यात तो ठोकून बसवायच्या खिळ्यांनी बसवतात; इथे हार्डवेअरच्या दुकानातले ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट होते, आणि पत्र्याच्या कडेबाहेर रंगाची जुनी चौकट उघडी पडली होती, थोड्या वेगळ्या मापाची. पंपाचा स्वतःचा पत्रा असतो, अमेरिकन बॉशचा. त्यावरचा क्रमांक लष्कराच्या पार्ट्स मॅन्युअलशी ताडून पाहा. इंजिनावरचा बिल्ला बदलणारे पंपाचा बदलायला बहुधा विसरतात. टर्बोच्या तेलाच्या नळ्याही बघा : परतीच्या वाटेवर रबरी होज आणि बाजारातला क्लिप दिसला तर टर्बो मागाहून आलाय.

पंपावर फ्युएल डेन्सिटी कॉम्पेन्सेटर नावाचा भाग असतो. पेट्रोलसारखं पातळ इंधन आलं की हा डिझेलपेक्षा जास्त माप सोडतो, म्हणून तर इंजिन मल्टीफ्युएल. तो गळायला लागला की बरेच जण बायपास करतात. नुसतं डिझेल घालणार असाल तर त्यात वावगं काही नाही. पण तो बायपास करून वर 'काहीही टाका, चालतं' म्हणणारा विक्रेता थेट खोटं बोलतोय. तसंही 'काहीही' म्हणजे गाळलेलं, पाणी नसलेलं इंधन. बंद पडलेल्या ट्रकच्या टाकीतलं पाणी पंपाच्या हायड्रॉलिक हेडपर्यंत गेलं की आतला प्लंजर जाम होतो, आणि तो खर्च वेगळाच.

या इंजिनातली ज्वलनाची पद्धत जर्मनीच्या मान कंपनीची, पिस्टनच्या डोक्यातल्या गोल खळग्यात इंधन जाळण्याची. (जबलपूरचा आपला शक्तिमान ट्रकही मानच्याच परवान्यावर बनायचा. पण म्हणून त्याचा फिटर हे इंजिन डोळे झाकून बांधेल असं नाही.)

गाडीत बसलेलं इंजिन घेत असाल तर जाताच आधी ब्लॉकवर हात ठेवा. कोमट लागला तर तुम्ही यायच्या आधी गरम करून ठेवलंय, थंडीतलं स्टार्टिंग लपवण्यासाठी. दुसऱ्या दिवशी या. डिपस्टिकवर तेल खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर पंपातून इंधन तेलात उतरतंय, बेअरिंगांचं मरण जवळ. चालू इंजिनाची ऑइल कॅप काढल्यावर फसफसून धूर आला तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला वायू खाली गळतोय, पिस्टनच्या रिंगा गेल्या. गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाची) मर्यादा २६०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. उतारावर खालच्या गिअरमध्ये ती ओलांडली गेली की हे इंजिन कनेक्टिंग रॉड ब्लॉकमधून बाहेर फेकतं. म्हणून ब्लॉकच्या दोन्ही कुशी टॉर्च मारून बघा. वेल्डिंगची पट्टी किंवा इपॉक्सीचं ठिगळ हिरव्या रंगाखाली छान लपतं, पण नखाने टकटक केल्यावर आवाज बदलतो.

बरेच दिवस उभं असलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना एअर इनटेकपाशी एक माणूस जाड सपाट फळी घेऊन उभा करा. पंप पूर्ण मापावर अडकलेला असेल तर स्टॉप केबल ओढून काही होत नाही, हवा बंद केली तरच इंजिन थांबतं. हात किंवा फडकं लावायला जाऊ नका, ते आत ओढलं जातं.