आठ महिने ब्लूटूथ स्कॅनर वापरून: कोड खरा, पण अर्धाच

माझी गाडी 2014 ची पेट्रोल, एक लाख बारा हजार किलोमीटर पळालेली. गेल्या पावसाळ्यात जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या चढाला इंजिन धाडकन बंद. दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर चालू! गॅरेजात गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेला बिघाडाचा कोड निघाला पी 0335, म्हणजे क्रँक सेन्सरचं (इंजिन किती वेगानं फिरतंय ते सांगणारा सेन्सर) सर्किट. सेन्सर बदलला, 1,900 गेले, कोड पुसला. तीन आठवड्यांनी संकेश्वरजवळ पुन्हा तेच.

तेव्हा हा ईएलएम 327, म्हणजे असे कोड वाचणारा ब्लूटूथ स्कॅनर, घेतला. स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटात खोचायचा, मोबाईलवर ॲप, झालं. पण कोड दाखवण्यापेक्षा मला कामाला आली ती फ्रीज फ्रेम: कोड नोंदला त्या क्षणी इंजिन काय करत होतं त्याची नोंद. गॅरेजवाल्यानं कोड पुसला तेव्हा तीही पुसली गेली होती, हे नंतर कळलं. चिडलो, दुसरं काय!

दोनदा नोंद मिळाली. कूलंट 94 आणि 96 अंश, म्हणजे नेहमीचंच. लोड, म्हणजे इंजिनवरचा भार, मात्र दोन्ही वेळा 80 टक्क्यांच्या वर. जोर लागला की इंजिन माउंटवर (ज्या आधारांवर ते बसवलेलं असतं) हलतं आणि त्याबरोबर वायरिंगही ओढलं जातं. मग गाडी न्यूट्रलला उभी करून ॲपवर आरपीएम लावला आणि मुलाला सेन्सरची वायर हळूच हलवायला सांगितली, पंखा-पट्ट्यापासून हात लांब ठेवून. 810 वरून काटा थेट 0, इंजिन खोकून बंद.

उद्यमबागेतल्या इलेक्ट्रिशियन अण्णांनी वायर वाकवून बघितली. "सेन्सर बरा हाय ओ, तार आतनं तुटलीया." क्लिपपाशी वरचं प्लास्टिक शाबूत, आत तांबं हिरवं पडलेलं. नवा तुकडा सोल्डर करून स्लीव्ह चढवली, 350 रुपये. त्यानंतर चोर्ला घाट चारदा केला, एकदाही बंद पडली नाही.

तक्रारी आहेतच. ॲप मधूनच तुटतं, एबीएस आणि एअरबॅगचे कोड माझ्या गाडीत दिसत नाहीत. आठवडाभर खोचूनच ठेवला तर बॅटरी बसली, म्हणून आता काम झालं की काढतो. शेजारच्या काकांच्या 2007 च्या गाडीशी तर तो बोललाच नाही. भारत स्टेज 4 (प्रदूषण नियमांचा टप्पा) च्या गाड्यांना ओबीडी 2, म्हणजे हा स्कॅनर जिच्याशी बोलतो ती गाडीतली तपासणी यंत्रणा, सक्तीचं झालं एप्रिल 2013 पासून. त्याआधीची गाडी असेल तर आधी कुणाचा तरी उसना आणून बघा, मग पैसे घाला.