झिपवाल्या पिशवीतली 'हायपरबॅरिक' थेरपी

सासऱ्यांच्या टाचेची मधुमेही जखम भरेना, तेव्हा हायपरबॅरिक ऑक्सिजनच्या नावाने आमच्याकडून अख्ख्या पॅकेजचे पैसे आगाऊ घेण्यात आले. मिळालं काय, तर झिप लावायची फुगीर पिशवी! तुमच्या घरी कुणाची जखम चिघळलेली असेल, तर हे वाचा.

खऱ्या उपचारात रुग्णाला भक्कम, बंद चेंबरमध्ये वातावरणाच्या साधारण २ ते २.५ पट दाबाखाली जवळपास शुद्ध ऑक्सिजन देतात. त्या दाबामुळे तो रक्तद्रवात एरवीच्या कितीतरी पट विरघळतो. म्हणूनच गंभीर मधुमेही जखमा किंवा धोक्यात आलेले ग्राफ्ट आणि फ्लॅप (जखमेवर बसवलेली किंवा सरकवलेली कातडी) यांच्यासाठी तो वापरतात. आमच्या पिशवीच्या काट्यावर दाब होता १.३, आणि आत साधी हवा. हिशोब करा: हवेत ऑक्सिजन २१ टक्के, गुणिले १.३, म्हणजे जेमतेम २७ टक्क्यांइतका परिणाम. एवढा तर बिनदाबाच्या साध्या मास्कमधूनही मिळतो. भिंतीवर मात्र भरलेल्या जखमांचे फोटो होते, सगळे खऱ्या चेंबरच्या रुग्णांचे असावेत.

खटकलं आणखी एका गोष्टीवरून. आत जाताना कुणी मोबाइल काढायला लावला नाही, अंगाला तेल लावलंय का विचारलं नाही. शुद्ध ऑक्सिजनजवळ ठिणगी म्हणजे आग, त्यामुळे खऱ्या केंद्रात यावर कडक नजर असते. छातीचा एक्स-रे नाही, कान तपासणं नाही. फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असताना दाबाखाली जाणं जिवावर बेतू शकतं, पण डॉक्टरच नव्हते तर विचारणार कोण?

पैशापेक्षा जास्त राग वाया गेलेल्या काळाचा आहे. 'ड्रेसिंगची आता गरज नाही' असं पिशवीवाल्यांनी बिनदिक्कत सांगितलं होतं. नंतर सर्जननी पायाचा डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफीसारखी तपासणी) करून घेतला, तर रक्तवाहिनीच अडलेली. ती मोकळी करणं, मेलेली कातडी काढणं, टाचेवरचा भार हटवणं ही मुळात पहिली कामं. चेंबर लागलाच, तर त्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे.

पैसे भरण्याआधी दाब किती, ऑक्सिजन किती टक्के आणि देखरेखीला कोणते डॉक्टर हे लेखी मागा. आम्ही परतावा मागितला, तेव्हा त्यांनी पावती पुढे केली. त्यावर 'वेलनेस सत्र' एवढंच लिहिलं होतं, उपचाराचा उल्लेखच नव्हता. तक्रार केली आहे, निकाल अजून लागलेला नाही.