व्हीनिअर: पोर्सलिन की कंपोझिट?

व्हीनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर बसवायचा पातळ थर. बेळगावात पुढचे दात नीट करायचे म्हटलं की याच प्रश्नावर घोडं अडतं. पोर्सलिनसाठी (चिनी मातीसारखं सिरॅमिक) दात घासून पातळ करावा लागतो: हिरडीजवळ ०.३, मध्ये ०.५, चावायच्या कडेला सुमारे १.५ मिमी. आधी खोली ठरवणाऱ्या बरने (दात कोरायच्या फिरत्या टोकाने) चर पाडायचे, मग चरांमधला भाग सपाट करायचा. इनॅमल (दाताचं कडक बाहेरचं आवरण) संपून डेंटिन (त्याखालचा मऊ थर) उघडं पडलं की सिमेंटची पकड ढिली होते, झिणझिण्या येतात. घासलेलं परत येत नाही.

कंपोझिटला (दाताच्या रंगाचं रेझिन) घासणं नाममात्र, काम एका बैठकीत, खर्च कमी. टवका उडाला तरी तिथेच भरता येतो. पण चहा-तंबाखूने डागाळतं. निपाणीकरांना वेगळं सांगायला नको!

कोवळं वय, बारीक फट: कंपोझिट. इनॅमल शाबूत आणि रंग वर्षानुवर्षं टिकायला हवा: पोर्सलिन. झोपेत दात खाणाऱ्यांनी काहीही निवडलं तरी नाइटगार्ड (रात्री दातांवर घालायचं संरक्षक कवच) लावावाच.