सोलापूर सिव्हिलची स्किन ओपीडी: आईच्या तळपायावरचा तीळ

अंगावरचा तीळ बदलतोय असं वाटत असेल आणि सोलापुरात किंवा आसपास राहत असाल तर सरळ सिव्हिलला जा, हे आधीच सांगते. आमच्या आईचं तिथंच झालं म्हणून लिहितेय.

आईच्या डाव्या तळपायावर टाचेच्या जरा पुढं तीळ होता, कधीपासूनचा ते तिलाही आठवत नाही, पण गेल्या वर्षभरात तो पसरला, एका बाजूची कड वाकडीतिकडी झाली आणि मधे काळा, बाजूला फिक्कट तपकिरी असे दोन रंग दिसायला लागले. शेजारच्या बायका म्हणायच्या, पायावर तीळ म्हणजे पायाला भिंगरी, चांगलं असतंय. एकीनं घोड्याच्या शेपटीचा केस बांधायला सांगितला, जो लोक चामखिळीला बांधतात (तिथंही बांधू नये). सगळ्यात जास्त राग आला तो एका लेझरवाल्या क्लिनिकचा. पायाकडं नीट बघितलंसुद्धा नाही आणि म्हणे दहा मिनिटांत उडवून टाकू. अहो, जाळून टाकला तर तपासायला उरणार काय? संशयाचा तीळ कापूनच काढायचा असतो आणि तो पॅथॉलॉजीत गेलाच पाहिजे.

सिव्हिल म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, वैशंपायन मेडिकल कॉलेजचं. अक्कलकोट, मोहोळ, तुळजापूर, पार कर्नाटकातनंसुद्धा लोक येतात त्यामुळं गर्दी असतेच, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा आणि दुपार मोकळी ठेवा.

स्किनच्या ओपीडीत तरुण डॉक्टर मॅडम होत्या. "मावशी, पाय इकडं ठेवा" म्हणून आईचा पाय स्टुलावर घेतला, स्पिरिटनं पुसला, पट्टी लावून तीळ मोजला (६ मिलिमीटरच्या पुढं गेला की लक्ष द्यायचं म्हणे) आणि मग डर्मोस्कोप लावला, म्हणजे लाईटवालं छोटं भिंग. मलाही बघू दिलं. बोटांवर असतात तशा तळपायालाही बारीक रेघा असतात, रंग त्या रेघांच्या खोबणीत असला तर बहुतेक साधा तीळ, आणि उंचवट्यावर असला तर काळजीचं. आईच्या तिळात एका बाजूला नीट कळत नव्हतं म्हणून त्यांनी मोठ्या मॅडमना बोलावलं, त्यांनी दुसरा पाय, दोन्ही तळहात, सगळी नखं, जांघेत गाठ आहे का, सगळं तपासलं. आपल्याकडं मेलॅनोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा कातडीचा कॅन्सर, तसा कमी, पण झालाच तर तळपाय, तळहात, नखाखाली जास्त सापडतो, आणि तळपाय उलटा करून बघतंय कोण?

मग सर्जरीकडं पाठवलं. शुगर, बीपी, रक्त बघून मायनर ओटीत, म्हणजे छोट्या ऑपरेशनच्या खोलीत घेतलं. तळपायात भुलीचं इंजेक्शन लय दुखतं आणि ते त्यांनी आईला आधीच सांगितलं होतं, ते मला फार बरं वाटलं. पुढचं काही कळलं नाही म्हणाली. भोवतीच्या चांगल्या कातडीसकट अख्खा तीळ काढला आणि फॉर्मेलिनची (काढलेला तुकडा टिकवायचं द्रावण) छोटी बाटली नि फॉर्म माझ्या हातात दिला, पॅथॉलॉजीत नेऊन द्यायला. बाटलीच्या तळाशी तो एवढासा तुकडा. जिन्यावरनं जाताना मी बाटली दोन्ही हातांनी धरली होती, लेबलवरचं आईचं नाव, वय, डावा तळपाय, सगळं फॉर्मशी जुळतंय का ते काउंटरवर द्यायच्या आधी वाचून घेतलं. तुम्हीपण वाचा.

तळपायाचे टाके लवकर काढत नाहीत, दोन आठवडे तरी जातातच आणि तोवर त्या पायावर भार नको. आई विड्या वळते, काम बसून, म्हणून निभावलं. उभ्यानं काम असणाऱ्यांनी रजेचं आधी बघावं. पैशांचं म्हणाल तर लेझरवाल्यांनी सांगितलेल्या आकड्यापुढं हा खर्च काहीच नाही.

रिपोर्ट आला, साधा तीळ, कॅन्सर नाही, पूर्ण निघालाय. आई तिथंच बाकावर बसून रडली, मीपण. वेगळं काही निघालं असतं तर महात्मा फुले जनआरोग्य योजना होती, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, तेव्हा रेशनकार्ड आणि आधार पहिल्या दिवसापासनं पिशवीत असू द्या.

आणि टाके निघाले, पाय बरा झाला म्हणून रिपोर्ट आणायचं सोडू नका. तो ओपीडीत दाखवा, काय लिहिलंय ते समजून घ्या, आणि केस पेपरबरोबर घरी जपून ठेवा.